वरचं वर, खालचं खाली

"परीक्षा संपली की मला जपानी खायचंय," असं लेकीने जानेवारीतच बजावून ठेवलं होतं. मला वाटलं, दहावीच्या धबडग्यात विसरेल. शेवटचा पेपर दुपारी दोनला सुटला आणि अडीचला तिचा फोन, "मम्मी, आज जायचं ना?"

सांगलीत जपानी कुठलं आणायचं, हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं. शंभर फुटी रोडला एका मोकळ्या प्लॉटवर पत्रा टाकून दहा-बारा गाळ्यांचं फूडकोर्ट निघालंय. मोमो, शोरमा, दाबेली, तंदूर चहा अशा रांगेत सगळ्यात शेवटी, हात धुवायच्या बेसिनला लागून, तो गाळा. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. सौद्याच्या दिवसांत घरी आले तरी नाकातली हळद जात नाही. आमचं बाहेरचं खाणं म्हणजे भेळ, फार तर पावभाजी. नवऱ्याने "तुम्ही दोघी जाऊन या, माझ्यापुरत्या दोन भाकरी टाकून ठेव" म्हणून अंग काढून घेतलं.

गाळ्याच्या पाटीवर पांढऱ्यावर लाल गोळा आणि खाली देवनागरीत नावं : कात्सुडोन, ओयाकोडोन, तेरियाकी डोन, नासू डोन. मी वाचलं "कात्सु दोन, ओयाको दोन". म्हटलं, एक कुठंय? लेकीने कपाळावर हात मारला. डोनबुरी म्हणजे खोलगट वाडगा. त्यात भात, भातावर काहीतरी शिजवलेलं, आणि त्या सगळ्यालाही डोनबुरीच म्हणायचं. पुढे त्याचं नुसतं डोन उरलं. आपण नाही का, "एक थाळी द्या" म्हणतो, तसं. भांडं मागायचं आणि जेवण मिळवायचं.

मोबाईलने स्कॅन करून ऑर्डर द्यायची सोय होती, ती चालली नाही. गाळ्यावरच्या पोराने वहीच्या कागदावर लिहून घेतलं आणि सत्तावीस नंबरचं टोकन दिलं. समोर काच असल्यामुळे सगळं दिसत होतं, त्यामुळे वाट बघायचा कंटाळा आला नाही. उलट तेवढाच भाग मला जेवणाहून जास्त आवडला, हे आधीच सांगून टाकते.

एका छोट्या पसरट तव्यात त्याने उभा चिरलेला कांदा आणि तपकिरी पाणी टाकलं. शेजारच्या कढईत चिकनचा चपटा तुकडा, वर जाड्या-भरड्या चुऱ्याचं आवरण, खमंग तळून काढला, सुरीने खटाखट बोटभर पट्ट्या पाडल्या आणि अख्खाच्या अख्खा उचलून कांद्यावर ठेवला. मग दोन अंडी फोडली, काट्याने जेमतेम चार वेळा हलवली. पांढरं आणि पिवळं अजून वेगवेगळं दिसत होतं तोवरच गोल फिरवत ओतली, झाकण ठेवलं आणि चाळीसेक सेकंदांत झाकण काढून ते सगळं न मोडता भातावर घसरवलं. घसरवलं हाच शब्द. डोसा तव्यावरून ताटात जावा तसं.

"तो चुरा कसला?" मी विचारलं.

"पांको, काकू. पावाचा."

"आणि कात्सु म्हणजे?"

"कटलेटच. इंग्रजांचं कटलेट, त्याचं जपान्यांनी कात्सुरेत्सु केलं, मग नुसतं कात्सु."

घरी येऊन बघितलं तर पांकोमधला 'पान' हा पोर्तुगीज शब्दावरून आलाय. ज्या शब्दावरून गोव्यामार्गे आपला पाव आला, तोच. 'को' म्हणजे भुकटी. एकाच शब्दाच्या दोन लेकी, एक गोव्यात दिली, एक नागासाकीत. पण तेव्हा हे माहीत नव्हतं. तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, "कटलेट इंग्रजांचं, पावाचा चुरा, चिकन मिरजेचं. मग यात जपानी काय?"

तो हसला. "भात," म्हणाला.

भात म्हणजे इंद्रायणी. पोरगा कवठेमहांकाळकडचा, चार वर्षं पुण्यात होता. चाकणच्या बाजूला कंपन्यांमुळे जपानी माणसं बरीच असतात, तिथल्या एका हॉटेलात हा कामाला होता. तिथे भात जपानहून आलेल्या पोत्यातला. इथे तो दर परवडायचा नाही, म्हणून दोन-तीन जाती करून बघितल्या आणि इंद्रायणीवर थांबला. जपानी तांदूळ आखूड, गोलसर, शिजल्यावर शिताला शीत धरून राहणारा. तांदळात अमायलोज नावाचा जो स्टार्च असतो तो कमी असला की भात चिकटतो. बासमतीत तो जास्त, म्हणून शीत न् शीत सुटं. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली, आंबेमोहराच्या घराण्यातली. चिकटपणा जवळपास जमतो. फक्त एक गोची आहे, तिला वास येतो. आपल्याला तो वास म्हणजे जीव की प्राण. "जपानी गिऱ्हाईक आलं असतं तर पहिल्यांदा वास घेऊन विचारलं असतं, यात काय टाकलंय?" पोरगा म्हणाला. सांगलीत जपानी गिऱ्हाईक यायची धास्ती नाही, तेवढं बरं.

सत्तावीस नंबर आला. कागदी वाडगा, वर कात्सु, त्यावर थरथरणारं अंडं, कडेला पिवळ्या चकत्या तीन, आणि रबर लावून चिमट्यासारख्या केलेल्या काड्या. शिकाऊ लोकांसाठी. लेकीने रबर काढून टाकलं. ती वर्षभर पेन्सिलींवर सराव करत होती म्हणे, आणि मला वाटायचं पोरगी अभ्यास करतेय.

मला दोन घास जमले. तिसऱ्याला फोन वाजला, म्हणून मी काड्या भातात उभ्या खोचल्या आणि पर्समध्ये हात घातला. लेकीने सटकन माझ्या मनगटावर चापट मारली. "काढ आधी! मेलेल्या माणसाच्या भातात अशा उभ्या लावतात तिकडे." भर गर्दीत अंगावर काटा आला. आपल्याकडे दहाव्याला काय असतं ते डोळ्यासमोर आलं. काड्या आडव्या ठेवल्या आणि गुपचूप चमचा मागून आणला.

चमचा हातात आल्यावर मी जे केलं ते कुणीही केलं असतं. कालवायला घेतलं. अंडं फोडलं, कात्सुच्या पट्ट्या बाजूला सारल्या, खालचा भात वर काढला. "मम्मी, कालवायचं नसतं," लेक दबक्या आवाजात म्हणाली, जणू मी लग्नात बूट घालून मांडवात शिरले होते. म्हटलं, मग खायचं कसं? तर जसं आहे तसं, वरून एक घास आणि त्याच्या खालचा भात, विहीर खणल्यासारखं एका बाजूने सरळ खाली. मी तसं खाल्लं, पण मन लावून नाही. भात कोरडा लागला, वरचं गोड लागलं.

चवीचं खरं सांगायचं तर गोड आधी, खारट नंतर, तिखटाचा पत्ताच नाही. कात्सुची वरची बाजू कुरकुरीत आणि खालची भिजून मऊ. माझ्या लेखी तळलेलं भिजलं म्हणजे वाया गेलं. पण मग आठवलं की आपण कटवडा खातो. तो तर मुद्दाम रश्शात बुडवून मागतो, वर "अजून कट टाक" म्हणतो. अंडं मात्र मला कच्चंच वाटलं. लेकीने माझ्या वाडग्यातलंही संपवलं. पोराने एक बाटली आणून दिली, सात जिनसांची भुकटी, मिरची, तीळ, संत्र्याची साल असं काय काय. ती भुरभुरल्यावर एक ओळखीचा वास आला आणि जीभ जराशी बधिरली. तिरफळ! माझी मावशी रत्नागिरीकडची, बांगड्याच्या आमटीत ठेचून घालते ते. त्या भुकटीत सान्शो म्हणून असतं, ते तिरफळाच्याच नात्यातलं निघालं. दोघींचे मिळून साडेचारशे झाले. एवढ्यात घरी अख्खी कोंबडी झाली असती, हे मी घरी पोचेपर्यंत तीनदा बोलले.

तरी पुढच्या रविवारी मी ते घरी करायला घेतलं. का, ते विचारू नका. तो भातावर घसरवण्याचा प्रकार डोक्यातून जात नव्हता. कात्सुची उस्तवार नको म्हणून ओयाकोडोन निवडलं, त्यात नुसते चिकनचे तुकडे, कांदा, अंडं. ओया म्हणजे आई-बाप, को म्हणजे लेकरू. कोंबडी आणि तिचं अंडं एका वाडग्यात! लेकीला अर्थ सांगितला तर तिचा घास हातातच राहिला. चिकनऐवजी दुसरं कुठलं मटण आणि वर अंडं असलं तर त्याला तानिनडोन म्हणतात. तानिन म्हणजे परका, ज्याचं नातं नाही तो.

कोपऱ्यावरच्या चायनीज गाड्यावाल्याकडून वाटीभर सोया सॉस आणला. चूक तिथेच झाली. त्या काळ्याभोर सॉसमध्ये रंग आणि मीठच जास्त. जपानी सोया सॉस सोयाबीन आणि गहू महिनोन्महिने आंबवून करतात, तो पातळ, तांबूस आणि वासाला वेगळाच असतो. माझ्या तव्यात डांबर झालं. ते झाकायला साखर घातली, साखर झाकायला पाणी, आणि पाणी आटेपर्यंत अंड्याची भुर्जी झाली. घसरवायचं तर लांबच, उलथन्याने खरवडून काढावं लागलं. नवरा म्हणाला, "चांगलं झालंय, फक्त भात वेगळा दे आणि भाकरी दे."

त्या वेळी आबा आमच्याकडेच होते. माझे सासरे. वाळवा तालुक्यात आमचं शेत आहे, मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून पंधरा दिवस आमच्याकडे राहिले होते. माळकरी आहेत, त्यामुळे ते त्या वाडग्याच्या जवळपासही आले नाहीत. पण नावांचा अर्थ त्यांनी मन लावून ऐकला. "आई-बाप नि लेकराचा एक भात, परक्याचा एक भात," काळा चष्मा सावरत म्हणाले, "मग भावकीचा भात कुठला? त्यात खाली मीठच जास्त आसंल." हद्दीच्या बांधावरून चुलतभावाशी कोर्टात चालू आहे, तेव्हा हे आलंच.

दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "मला दाव की ती गाडी. दिवसभर बसून पाठ भरून आली."

मंगळवारी संध्याकाळी गेलो. गर्दी नव्हती. आबांनी पाटी वाचायचा नाद केला नाही, थेट काचेपाशी जाऊन चौकशी सुरू केली. "माळकरी माणसाला काय हाय? कढई तीच काय?" भाज्यांची कढई वेगळी होती, दाखवली. मग मीच विचारलं, कारण मधल्या आठवड्यात मी वाचलं होतं की त्या तपकिरी पाण्याचा आधार म्हणजे दाशी, आणि दाशी बऱ्याचदा सुकवलेल्या माशाच्या किसाची असते. शाकाहारी म्हणून दिलेल्या वाडग्यातही ती असू शकते. पोराने फ्रीजमधून काळी, चामड्यासारखी पट्टी काढून दाखवली. कोम्बू, समुद्री शेवाळ. सोबत सुकवलेल्या आळंब्या. तिकडच्या मठांत बिनमाशाची दाशी अशीच करतात, तीच तो सगळ्या वाडग्यांना वापरतो, एकच पातेलं पुरतं म्हणून. याच कोम्बूच्या पाण्याची चव गोड, आंबट, खारट, कडू यांत बसेना, म्हणून टोकियोतल्या किकुनाए इकेदा नावाच्या रसायनाच्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये त्यातलं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. आबांनी पट्टीचा वास घेतला. "पावसाळ्यात वैरण भिजल्यावानी," म्हणाले, आणि पास केली.

नासू डोन मागवलं. नासू म्हणजे वांगं. भरताच्या वांग्याचे उभे दोन भाग, आतल्या गरावर सुरीने चौकटीच्या रेघा, तळून मऊ झाल्यावर वर मिसोचा लेप, मग खालून-वरून धग लागेल अशा छोट्या भट्टीत लेप चटचट उडेपर्यंत ठेवलं आणि तीळ भुरभुरले. मिसो म्हणजे सोयाबीन शिजवून, मीठ आणि बुरशी लावलेला तांदूळ मिसळून आंबवलेला लगदा.

"सोयाबीन?" आबा थांबले. "आपलं सोयाबीन?"

"हो आजोबा. सॉस सोयाबीनचा, मिसो सोयाबीनचा, तो तोफू आहे ना, तोही सोयाबीनचाच."

आबांनी पंचवीस-तीस वर्षं सोयाबीन पिकवलंय. पोती भरायची, यार्डात आणायची, पट्टी घेऊन जायची. तेल गाळलं जातं, पेंड कोंबड्यांना जाते. आमच्या घरात ते कुणी कधी शिजवलेलं मला आठवत नाही. वड्यासुद्धा आबा रबर म्हणून बाजूला काढतात. ते वाडग्याकडे जरा वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, "वांगं नदीकाठचं न्हाय. बी किती हाय बघ." हे मात्र खरं होतं. कृष्णाकाठच्या वांग्याला साल पातळ आणि बी कमी, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल.

चमच्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. बेसिन शेजारीच होतं, हात धुतला, आणि बोटांनी वांगं मोडून भातात कालवायला घेतलं. पोरगा काचेच्या आडून बाहेर आला. अगदी अदबीने म्हणाला, "आजोबा, कालवू नका की. वरचं वर, खालचं खाली."

"आन् पोटात?" आबा म्हणाले.

लेक खो-खो हसली. "आबा, कालवलेला भात कोरियात खातात. बिबिम्बाप. बिबिम म्हणजे कालवणं, बाप म्हणजे भात."

"मग मी कोरियाचा," म्हणून आबांनी पहिला घास घेतला.

पोरगा तिथेच उभा राहिला, आणि मग त्याने जे सांगितलं ते मला पहिल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं. कालवलं की प्रत्येक घास सारखा होतो. न कालवता खाल्लं तर वरचा भात जवळजवळ कोरा, मधला जरा ओला, आणि रस हळूहळू झिरपत तळाशी जातो. शेवटचे चार घास सगळ्यात चवदार. म्हणून तो रस आधी कमीच घालतो, तळ गच्च होऊ नये एवढाच. माझा पहिल्या दिवशीचा कोरडा भात आठवला. मी मधे ढवळाढवळ करून तळाचा भात वर आणला होता, त्यामुळे मुरलेला भात मिळालाच नाही.

या वेळी मी माझ्या वाडग्यात तसं करून बघितलं. वांग्याचा काप, खालचा भात, सरळ खाली. मिसो खारट-गोड, थोडा जुन्या लोणच्याच्या खारासारखा. वांग्याचा गर लेपासकट भातावर बसत होता. निम्म्यापर्यंत मला वाटलं, काय विशेष नाही. तळाला पोचले तर दाशी, वांग्याचं तेल आणि मिसोचं ओघळलेलं पाणी त्या शितांनी पिऊन घेतलं होतं, आणि तरी शीत फुटलं नव्हतं. ते चार घास मी सावकाश खाल्ले. आपण कालवून खाणारी माणसं. आमटी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तीच लागली पाहिजे, नाहीतर वाढणारीचं चुकलं. घास राखून ठेवायची सवय फक्त लहानपणी पुरणपोळीच्या मधल्या भागापुरती होती.

आबांनी त्यांचा वाडगा माझ्या आधी संपवला. आवडलं का विचारलं तर म्हणाले, "भात बरा हाय. ठेचा पायजे हुता." पिवळ्या चकत्या मात्र सगळ्यांच्या मिळून नऊ खाल्ल्या. ताकुआन. मुळा आहे हे त्यांनी बघताच ओळखलं. मी वेगळंच ओळखलं : रंग. बोटाला लागलेला तो पिवळा मी रोज धुते. पोराने सांगितलं, मुळा वाळवून तांदळाच्या कोंड्यात आणि मिठात महिनोन्महिने मुरवायची मूळ रीत, पिवळा मुरता मुरता येतो आणि बाकीचा बऱ्याचदा हळदीने आणतात. हा गाळ्यावरचा मुळा व्हिनेगर, साखर, मीठ आणि हळदीत चार दिवसांत झालेला, बनवलेला इथलाच.

"हळद कुठली वापरतोस?" मी विचारलं.

"पाकिटातली, काकू."

सांगलीत बसून पाकिटातली हळद! दुसऱ्या दिवशी दुकानातून राजापुरीची अर्धा किलो पूड नेऊन दिली. पैसे घेत नव्हते, तर त्याने लेकीला एक तेरियाकी फुकट खिलवलं.

आबा गावी जाताना म्हणाले, आपल्या रानातलं वांगं पाठवतो, त्या पोराला दे, बी नसलेलं कसं असतं कळू दे. एसटीने पिशवी आलीसुद्धा, वांगी पोराला पोचती केली. तळाशी त्यांनी न सांगता सहा मुळे घातले होते. ते चार दिवस दोरीवर वाळवले, गिरणीतून कोंडा आणला आणि कोंडा, मीठ, हळद घालून बरणीत दाबून वर पाटा ठेवलाय. चार दिवसांची नको, मूळ रीतच करून बघू म्हटलं. आज नववा दिवस. वासावरून नवऱ्याने बरणी स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत काढली, आणि काल शेजारच्या वहिनी विचारत होत्या, गटार तुंबलंय का?